एकशे सतरा नंबरचा फॉर्म

"सर, सगळं झालंय. फक्त एक टिक राहिलीय," मोनिका मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी एकशे सतरा नंबरचा फॉर्म माझ्यापुढं सरकवला.

मोनिका मॅडम या माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आणि, हे मी सहसा कुणाला सांगत नाही, एकेकाळी माझ्याच विद्यार्थिनी. प्रॅक्टिकलच्या तासाला मी त्यांना दोनदा वर्गाबाहेर काढलं होतं. त्यांना ते आठवतं की नाही, हे सहा वर्षांत मला कळलं नव्हतं. माझं प्रकरण लाल खुणा करून परत देताना त्या फार शांतपणे हसायच्या, एवढंच. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला सर म्हणतात. बाहेरून ऐकणाऱ्याला यातला शिकणारा कोण आणि शिकवणारा कोण याचा पत्ता लागत नाही. मला तो रोज लागतो.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पीएच.डी. करायची मला हौस नव्हती. कॉलेजनं सांगितलं, करा, नाहीतर बढतीचं नाव काढू नका. म्हणून मी विषय घेतला कानाचा. गावोगावच्या शिबिरांत म्हाताऱ्या माणसांना कानाची मशीन फुकट वाटतात. ती ते वापरतात का, एवढाच प्रश्न. मी एकशे साठ माणसांकडे गेलो. त्यातले एक्याण्णव जण मशीन वापरत नव्हते. का वापरत नाही, यासाठी फॉर्मवर चौदाव्या प्रश्नाखाली पाच चौकोन होते: विसर पडतो, लाज वाटते, त्रास होतो, बिघडलं आहे, इतर. नव्वद जणांच्या टिका झाल्या होत्या. एकशे सतरा नंबरच्या सरूबाई, वय सत्त्याहत्तर, राहणार दौलताबाद, यांचे पाचही चौकोन कोरे होते.

"मॅडम, एकच तर आहे," मी म्हणालो. "विसर पडतो, यात टाकून देऊ."

"सर," मॅडम तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "प्रॅक्टिकलच्या वहीत आकडे मनानं लिहिले म्हणून तुम्ही मला बाहेर काढलं होतं. दोन्ही वेळा."

म्हणजे आठवत होतं.

त्या दिवशी सोमवार होता. अठरा दिवसांनी, शुक्रवारी, आमच्या संशोधन केंद्रात सादरीकरण होतं. आरोग्य आणि वैद्यक विषयांत पीएच.डी. करणाऱ्या सगळ्यांनी आपलं काम तीन मिनिटांत, लोकांसमोर, मराठीतून मांडायचं. मागं पोस्टर लावायचं. मग समिती ज्याचा त्याचा निकाल लावणार. मला दोनदा मुदतवाढ मिळाली होती. तिसऱ्यांदा मुदत देतात की नोंदणीच रद्द करतात, ते त्या तीन मिनिटांवर होतं.

संध्याकाळी पुंडलिकनगरच्या घरी आलो तर जिन्यात नानासाहेब उभे. नानासाहेब आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हापासून त्यांच्याकडचा सल्ल्याचा साठा कुठल्याच कालव्यानं कमी झालेला नाही. मी टिकेचं सांगितलं. ते म्हणाले, "गोकुळराव, बहिऱ्या माणसाशी मोठ्यानं बोलायचं नसतं. हळू, तोंड उघडून, एकेक अक्षर बोलायचं. आमच्या खात्यात एक चीफ इंजिनिअर होते बहिरे. त्यांना सगळं ऐकू यायचं, फक्त तक्रार ऐकू यायची नाही."

आठ वाजता सुलेखाचा फोन आला. सुलेखा माझी बायको. ती बँकेत आहे. ज्या वर्षी माझी बढती पीएच.डी.त अडकली त्या वर्षी तिला तिची बढती मिळाली, आणि बढतीसोबत किनवटची शाखा. किनवटच्या पुढं थोडं गेलं की तेलंगण लागतं. महिन्या-दीड महिन्यातून ती एकदा येते. बाकी रोज आठला फोन. मी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतो, कुकर लावतो, एका हातानं तक्ते भरतो आणि मधूनमधून "हं" आणि "हो का" म्हणतो. गेल्या आठवड्यात तिनं सांगितलं की दोन दिवस ताप होता, आणि मी म्हणालो, "अरे वा." त्यावर ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. ते न बोलणं मात्र मला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

त्याही दिवशी ती काहीतरी घरमालकिणीच्या शेवग्याच्या झाडाबद्दल सांगत होती. मी म्हणालो, "उद्या दौलताबादला जायचंय, एका टिकेसाठी."

"टीका कुणी केली?" तिनं विचारलं.

मंगळवारी दौलताबादला गेलो. किल्ल्याच्या पायथ्याला, पेरूच्या हातगाड्या ओलांडून आत गेलं की सरूबाईंची गल्ली. सरूबाई ओट्यावर गवार निवडत बसल्या होत्या. कानात काही नव्हतं. मी नानासाहेबांच्या पद्धतीनं हळू, तोंड उघडून विचारलं, "म-शीन का वा-प-रत नाही?"

त्यांनी माझ्याकडं काळजीनं पाहिलं आणि सुनेला हाक मारली. "अगं, सरांचा दात दुखतोय. लवंग आन."

मग मी माझ्या पद्धतीनं ओरडून विचारलं. सरूबाई सोडून सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. समोरची बाई म्हणाली, तिला लाज वाटती. टपरीवाला म्हणाला, बिघडलंय. एकानं विचारलं की मशीन परत घ्यायला आलाय का, आणि दुसऱ्यानं ते गृहीतच धरून मला सांगितलं की गरिबाला दिलेली वस्तू सरकारनं परत मागू नये. मी सरकार नाही, हे पटवण्यात वीस मिनिटं गेली. शेवटी लवंग घेऊन आलेल्या सुनेनं सांगितलं, "सर, मशीन डब्यात असतंय त्यांच्या. शुक्रवारीच काढत्यात."

"शुक्रवारी का?"

"शुक्रवारी येऊन बघा की," ती म्हणाली. मी दाढेत लवंग धरून परत आलो.

शुक्रवारी दुपारी तीनला पुन्हा हजर झालो. सरूबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं. पत्र्याच्या डब्यातून त्यांनी मशीन काढलं. खिशात ठेवायचं, काड्यापेटीहून थोडं मोठं, वायर असलेलं जुन्या पद्धतीचं मशीन. ते त्यांनी पोलक्यात अडकवलं, वायरचं बूच कानात घातलं आणि भिंतीला टेकून बसल्या. साडेतीनला सुनेचा मोबाईल वाजला. सुनेनं तो स्पीकरवर करून त्यांच्या हातात दिला. सरूबाईंनी फोन कानाला लावला नाही. छातीशी, मशीनला टेकवून धरला, आणि डोळे मिटले.

पलीकडून एका म्हातारीचा खणखणीत आवाज सुरू झाला. म्हैस व्याली, जावयाचं पोट बिघडलं, अमक्याच्या लग्नात वरण पातळ होतं, पायाला मुंग्या येतात, आईची आठवण आली होती. आवाज कुठं थांबत नव्हता, काही विचारत नव्हता. सरूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. मधेच हसायच्या. एकदा पदरानं डोळे पुसले. पंचवीस मिनिटांनी पलीकडून "बरं, ठिवते" आलं आणि फोन बंद झाला.

मशीन अजून कानात होतं, तेवढ्यात मी संधी साधली. "कुणाचा फोन?"

"चतुरा. माझी धाकली बहीण. अजिंठ्याला दिलीय."

"तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"तिला कुठं ऐकू येतंय? ती माझ्याहून बहिरी. तिच्या गावात मशीनवाले आलेच नाय."

"मग ती बोलते कुणाशी?"

"माझ्याशी," सरूबाई म्हणाल्या, आणि मी माझ्या मठ्ठ विद्यार्थ्यांकडं पाहतो तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी फॉर्म काढला. "एरवी मशीन का घालत नाही?"

"एरवी काय ऐकायचंय? सून मिक्सर लावती. रस्त्याला गाड्या पोंपों करत्यात. असलं सगळं ऐकून मशीन झिजून गेलं तर? चतुरासाठी राखून ठिवलंय."

हे पाच चौकोनांत कुठंच बसत नव्हतं. विसर नव्हता, लाज नव्हती, त्रास नव्हता. मी त्यांना एकेक पर्याय वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाबा, तू एक काम कर. मला अजिंठ्याला ने. चार साल झाले, चतुराचं तोंड बघितलं नाय. पोराला सुट्टी नाय, गुडघा एस्टीत चढू देत नाय. तिथं बसून तू म्हनशील तिथं टिका मारते."

मी हो म्हणालो. एका टिकेसाठी दोनशेतीस किलोमीटर जाणं-येणं काही फार नाही, असं त्या क्षणी वाटलं. अडचण सोमवारी सुरू झाली. संशोधनात भाग घेतलेल्या माणसाला असं कुठंही नेता येत नाही. त्यासाठी परवानगीचा अर्ज करायचा असतो. अर्जात विचारलं होतं, 'नेण्याचा हेतू'. मी लिहिलं, 'टिक'. कचेरीतल्या बाबूंनी तो अर्ज तीन वेळा वाचला आणि विचारलं की सहभागीला परत आणणार का. मी म्हणालो, अर्थात. ते म्हणाले, तसं लिहा, हमीपत्र जोडा, आणि त्यांची संमती नव्या नमुन्यात घ्या, कारण जुना नमुना गेल्या जूनमध्ये रद्द झाला. नव्या नमुन्यावर दोन साक्षीदार लागतात, ते नात्यातले नकोत आणि अनोळखीही नकोत. ही परवानगी देणाऱ्या समितीची पुढची बैठक सादरीकरणानंतर आठ दिवसांनी होती.

मी व्हरांड्यात कपाळाला हात लावून बसलो होतो तेव्हा लुबना आली. लुबना आमच्याच तुकडीतली, वय एकोणतीस. रात्रपाळीच्या नर्सच्या झोपेवर तिचं काम होतं, आणि त्यापायी तिची स्वतःची झोप गेली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "सर, संशोधक म्हणून कशाला नेता? भाचा म्हणून न्या. भाच्याला परवानगी लागत नाही."

एवढ्या वर्षांत मला मिळालेलं सगळ्यात नेमकं मार्गदर्शन ते होतं. मी मात्र प्रामाणिक माणूस असल्यामुळं मोनिका मॅडमना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "सर, रविवारी तुम्ही कुठं फिरायला जाता हे मला कळवायची गरज नाही." आणि मी दाराशी गेल्यावर, "त्यांना गाडीत उशी द्या पाठीला."

पुढच्या रविवारी निघालो. नानासाहेब पुढच्या सीटवर बसले, कारण म्हातारं माणूस सोबत असताना जबाबदार कुणीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं. फुलंब्रीपर्यंत त्यांनी मला गिअर कधी बदलायचा ते सांगितलं. फुलंब्रीच्या पुढं त्यांच्या काळातले बंधारे सुरू झाले. प्रत्येक बंधाऱ्याशी गाडी हळू करावी लागली. सिल्लोडच्या अलीकडं बॉनेटमधून वाफ निघायला लागली. नानासाहेबांनी पाण्याचा प्रश्न हा त्यांचा विषय असल्याचं सांगून रेडिएटरचं झाकण उघडलं आणि त्यांच्या सदऱ्यावर तपकिरी कारंजं उडालं. आम्ही लिंबाखाली दीड तास बसलो. सरूबाई मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसून होत्या. त्यांना काही ऐकू येत नव्हतं, आणि त्या दीड तासात मला त्यांचा हेवा वाटला.

अजिंठ्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. चतुराबाई दारातच उभ्या होत्या. सकाळपासून उभ्या असाव्यात, कारण एक पाय वर घेऊन भिंतीला टेकल्या होत्या. सरूबाईंना उतरायला मी हात दिला, तो त्यांनी सोडून दिला. दोघी एकमेकींसमोर गेल्या आणि गळ्यात वगैरे पडल्या नाहीत. चतुराबाईंनी बहिणीचं मनगट धरलं आणि बांगड्या वरखाली करून पाहिल्या. "लई वाळली गं," त्या म्हणाल्या. सरूबाईंना ते ऐकू आलं नाही. त्यांनी बहिणीच्या डोक्यावरून पदर सारखा केला.

आतल्या खोलीत बाजेवर दोघी बसल्या. चतुराबाईंनी फोनवरची गोष्ट जिथं सोडली होती तिथून सुरू केली, म्हणजे म्हशीपासून. सरूबाईंनी डबा उघडला. मला वाटलं, आता मशीन घालतील. त्यांनी बूच आपल्या कानात घातलं नाही. बहिणीची हनुवटी धरून तिचं तोंड बाजूला वळवलं आणि बूच तिच्या कानात घातलं.

चतुराबाई बोलता बोलता थांबल्या. बाहेर कोंबडी ओरडली तर दचकून दाराकडं पाहिलं. मग सरूबाईंनी ते लहानसं मशीन दोन्ही हातांत धरलं, तोंडापाशी नेलं, आणि बोलायला लागल्या. इतक्या हळू की तीन हातांवर बसलेल्या मला काही कळेना. चतुराबाई ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा पाहताना मला उगीचच आपण दार न वाजवता कुणाच्या घरात शिरलोय असं वाटलं, आणि मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. नानासाहेबही आले. पहिल्यांदाच त्यांनी काही सल्ला दिला नाही.

बऱ्याच वेळानं आतून चतुराबाईंचा तो खणखणीत आवाज आला. "एवढं सगळं झालं आन् मला सांगितलं नाय?"

"सांगत व्हते की दर खेपेला, फोन ठिवला की," तिच्या ओठांवरून ओळखून असेल, पण सरूबाई म्हणाल्या, आणि आता मोठ्यानं. "तुला ऐकू कुठं जात व्हतं."

निघताना मशीन चतुराबाईंच्या पोलक्यात राहिलं. मी शास्त्रीय हरकत घेतली. मशीन सरूबाईंच्या नावावर आहे, त्यांचे कान तपासून दिलंय, असं दुसऱ्याला देता येत नाही. सरूबाईंनी माझ्या ओठांकडं पाहून अंदाजानं उत्तर दिलं. "एक महिना तिच्याकडं, एक महिना माझ्याकडं. तिचं ऐकून झालं माझं. आता मी बोलनार." मशीन महिन्या-महिन्याला इकडून तिकडं कोण नेणार, हे त्यांनी सांगितलं नाही. फक्त माझ्याकडं पाहिलं. फॉर्म माझ्या पिशवीतच राहिला होता. सरूबाईंना दौलताबादला सोडल्यावर मी तो काढला आणि चौकोनांकडं पाहून परत ठेवला.

आता पोस्टर. मी भाषणाच्या तयारीत असल्यामुळं पोस्टर छापून आणायचं काम नानासाहेबांनी अंगावर घेतलं. त्यांनी ते नूरमोहम्मदभाईंना दिलं. नूरमोहम्मदभाईंचं आमच्या चौकात फ्लेक्सचं दुकान आहे आणि माणूस अत्यंत भला आहे. मात्र त्यांनी आयुष्यभर वाढदिवसांचे आणि निवडींचे फ्लेक्स छापले आहेत. बुधवारी गुंडाळी उघडली, तर वर सोनेरी अक्षरांत माझं नाव, त्याच्याआधी 'भावी डॉक्टर', मधोमध हात जोडलेला माझा कमरेपर्यंतचा फोटो, दोन्ही बाजूंना गर्जना करणारे सिंह, आणि खाली गोल चौकटीत 'शुभेच्छुक: नानासाहेब व मित्रमंडळ, पुंडलिकनगर'. माझं सहा वर्षांचं संशोधन एका कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत होतं.

"नूरभाई, माझे हात जोडलेले कुठून आणले? मी असा फोटो कधी काढलाच नाही," मी विचारलं.

"हाथ दूसरे के हैं सर," ते समजुतीनं म्हणाले. "चेहरा आपकाच लगाया मैं. लोगां को हाथ जोडेले अच्छे लगते."

नवीन छापायला वेळ नव्हता. त्यांनी फार मनापासून सिंहांवर पांढरा कागद चिकटवून दिला. 'भावी डॉक्टर'वरही एक पट्टी लावली.

गुरुवारी सुलेखा आली. सादरीकरणासाठी तिनं रजा काढली होती. चपला काढल्या, हॉलमध्ये उभं केलेलं ते पोस्टर पाहिलं आणि तशीच खाली फरशीवर बसून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी रागावणार होतो. पण घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसत होतं, म्हणून मी गप्प उभा राहून ते ऐकून घेतलं.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. आधी सम्यक बोलला, कॉलेजच्या मुलींमधल्या रक्तक्षयावर. त्याला पुऱ्या वाक्यात एकही इंग्रजी शब्द टाळता येईना, म्हणून तो प्रत्येक शब्दाआधी थांबायचा, आणि घंटा झाली तेव्हा तो अजून प्रस्तावनेत होता. मग लुबना. तिनं एका नर्सची एक रात्र सांगितली, ती सकाळी घरी जाऊन कुणासाठी डबा करते ते सांगितलं, मग आकडे सांगितले, आणि अडीच मिनिटांत संपवलं. त्यानंतर माझं नाव पुकारलं.

पहिलं मिनिट तक्त्यांचं झालं. एकशे साठ, एक्याण्णव, टक्केवारी. दुसऱ्या मिनिटाला पंख्याच्या वाऱ्यानं माझ्या मागची पट्टी सुटली. लोक हसायला लागले, त्यावरून मला कळलं की मी आता भावी डॉक्टर झालो आहे. लगेच डावा सिंहही बाहेर आला. पाठ केलेलं भाषण तिथंच संपलं, कारण पुढचं काही आठवेना. तोंडातून निघालं ते एवढंच. "दौलताबादच्या एक बाई आठवड्यातून पंचवीस मिनिटं मशीन घालतात. माझ्या तक्त्यात त्या न वापरणाऱ्यांत आहेत. मला वाटतं, या सगळ्या अभ्यासात मशीनचा सगळ्यात चांगला वापर त्यांनीच केला." मग मी अजिंठ्याचं सांगितलं. घंटा झाली. घंटा वाजवणारे बाबू, ते हमीपत्रवाले, त्यांनी दुसऱ्यांदा वाजवायला हात उचलला आणि तसाच ठेवला.

समितीचे अध्यक्ष बाहेरगावचे होते. त्यांनी विचारलं, "मग तुमचा निष्कर्ष काय?"

"निष्कर्ष नाही, सर," मी म्हणालो. "मी विचारत होतो की का घालत नाही. कुणासाठी घालता, हे विचारायला हवं होतं. बाकीच्या नव्वद टिकांवरही माझा आता विश्वास राहिलेला नाही."

सहा वर्षांचं काम मी स्वतःच्या तोंडानं पाण्यात घातलं होतं. मोनिका मॅडम उठल्या. "तो फॉर्म मी मंजूर केला होता," त्या म्हणाल्या. "चूक असेल तर ती आमची दोघांची आहे. पण सरांनी आकडा मनानं लिहिलेला नाही, हे मला नोंदवायचंय."

समितीनं सहा महिन्यांची मुदत दिली. अट एकच, एक्याण्णव जणांकडं पुन्हा जायचं आणि नवा प्रश्न विचारायचा. पुन्हा संमती, पुन्हा नवा नमुना, पुन्हा न नात्यातले न अनोळखी असे दोन साक्षीदार. दारात नूरमोहम्मदभाई भेटले. आपलं काम कसं दिसतंय ते पाहायला ते मुद्दाम आले होते. "सर, शेर को बाहर आनाच था," ते म्हणाले.

शनिवारी मी फोन, तक्ते, सगळं कपाटात ठेवलं. सुलेखा किनवटबद्दल बोलत राहिली. घरमालकिणीच्या शेवग्याचं झाड वादळात पडलं होतं, हे तिनं मला तीनदा सांगितलं होतं म्हणे. मी ते पहिल्यांदा ऐकलं. शाखेत ती एकटीच बाई अधिकारी आहे. आधी लोक तिच्या टेबलाशी यायचे नाहीत, आता बाया लांबून तिच्याचकडं येतात. ती हे सांगत असताना तिचा चेहरा उजळला होता. मला विचारायचं होतं की तू परत कधी येणार. ते त्या चेहऱ्याला विचारता आलं नाही. मी म्हणालो, "तिथं शेवगा पुन्हा लावा म्हणावं. फांदी रोवली तरी येतो."

रविवारी सकाळी तिला बसस्थानकावर सोडायला गेलो. तिला खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभा. कुठल्याही नवरा-बायकोचं अशा वेळी जे बोलणं होतं तेच झालं, पाण्याची बाटली घेतली का, पोचल्यावर कळव. मग ड्रायव्हर चढला आणि इंजिन सुरू झालं. त्या आवाजात सुलेखा खिडकीतून वाकून काहीतरी बोलायला लागली. नेहमीचं नसावं, कारण बोलताना ती माझ्याकडं न पाहता गजाकडं पाहत होती. चांगली सात-आठ वाक्यं बोलली. मला एक शब्द ऐकू आला नाही. कानांवर सहा वर्षं काम केलेल्या माणसानं जे करू नये ते मी केलं. मान डोलावली. ती हसली, गाडी मागं सरली, वळली आणि फाटकातून निघून गेली.

मी तिथंच उभा राहून फोन लावला. "सुलेखा, काय म्हणालीस? मला ऐकू आलं नाही."

पलीकडं गाडीचा घरघराट होता. मग तिचा आवाज. "मग मान कशाला डोलावलीत?"

"सवय."

मी फोन कानाला घट्ट दाबून, दुसऱ्या कानात बोट घालून, रिक्षांच्या गर्दीत उभा होतो.

"फोनवर नाही सांगायचं ते," ती म्हणाली. "आल्यावर सांगते."

ती या महिन्याच्या शेवटी येणार आहे. अजून तेवीस दिवस आहेत. रोज आठला फोन येतो आणि ती भाजीचं, बँकेचं, गॅसचं बोलते. मी ओट्यापासून लांब, गॅलरीत खुर्ची टाकून बसतो आणि अक्षर न अक्षर ऐकतो. ते मात्र ती सांगत नाही.